पुण्यात घर तर झालं, पण परिसर आपला कधी वाटायला लागतो?

बायपासवाली:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं होतं. आम्ही मूळचे लातूरचे, नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्यात आलो, आधी वडगावला भाड्यानं, मग धनकवडीत, आणि आता आंबेगाव बुद्रुकला स्वतःचा फ्लॅट घेतलाय. घर छान आहे, हवा भरपूर, गॅलरीतून कात्रजचा डोंगर दिसतो, घराबद्दल तक्रार काहीच नाही. पण गेटच्या बाहेर पाय टाकला की असं वाटतं आपण कुणाच्या तरी गावाला पाहुणे आलोय. भाजी ॲपवरून येते, दूध ॲपवरून, औषधं पण तशीच, त्यामुळे बाहेर जायचं काही कारणच उरत नाही, आणि गेलं तरी रस्त्याला फुटपाथ नाही, लेकराचा हात धरून चालायचं म्हणजे जीव मुठीत. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे पण त्यावर फक्त पार्किंग आणि पाण्याचे टँकर.

माझं माहेर गंजगोलाईजवळच्या गल्लीत. तिथं मी आजही गेले तर कोपऱ्यावरची भाजीवाली "कधी आलीस गं, किती दिवस हाईस?" विचारते. माझं लेकरू चार वर्षांचं आहे, त्याला असं विचारणारं इथं कुणी असेल का, याची मला खरंच काळजी वाटते. तर तुमच्यापैकी जे बाहेरून आले किंवा पुण्यातल्या पुण्यातच दुसरीकडे गेले त्यांनी सांगा, नवीन जागा आपली वाटायला नेमकं काय लागतं? नुसता वेळ जावा लागतो, की आपण काही करावं लागतं?

गोखलेनगरची लेक:
ताई, माझ्या आजीचं सांगते, थोडं लांबेल.

आजी-आजोबा नारायण पेठेत नदीकडच्या बाजूला एका वाड्यात भाड्यानं राहायचे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, मुठेचं पाणी पेठांमध्ये घुसलं आणि वाडा गेला. माणसं वाचली, बाकी काही नाही. पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर असे भाग वसले, त्यात यांना गोखलेनगरला घर मिळालं. आजी सांगायची की तेव्हा तिथं टेकडी आणि माळ, बाकी काही नव्हतं, संध्याकाळी दिवे लागले तरी उजाड वाटायचं. वर्षानुवर्षं ती भाजीला मंडईतच जायची, डॉक्टर पेठेतला, शिंपी पेठेतला, संकष्टीला कसबा गणपती. झोपायला गोखलेनगर आणि बाकी सगळं पेठेत असा प्रकार. घर सरकारनं दिलं होतं पण ते तिचं होत नव्हतं.

ते झालं पिठाच्या गिरणीमुळे. हसू नका, ती स्वतःच सांगायची. दळणाचा जड डबा घेऊन काही पेठेत जाता येत नाही, त्यामुळे ते जवळच टाकावं लागायचं. ॲल्युमिनियमचा डबा, झाकणावर लाल ऑइलपेंटनं आजोबांचं आडनाव. आजीला भाकरीचं पीठ एकदम बारीक लागायचं, लाडवाचं बेसन रवाळ, आणि बाजरीवर लगेच आमचा गहू घातलेला तिला चालायचा नाही. सुरुवातीला दर वेळी हे सगळं सांगायला लागायचं. मग एकदा तिनं माझ्या वडिलांना पाठवलं, ते तेव्हा शाळकरी पोर, निरोप विसरले आणि नुसतेच डबा घेऊन उभे राहिले, तर गिरणीवाले काका म्हणाले "बेसन ना, रवाळ, माहितीय, ठेव तिकडे." आणि निघताना म्हणाले, तुमच्या वरच्या आळीतल्या वहिनींचा डबा कालपासून पडलाय, जाता जाता तेवढा टाकशील का. वडील दोन्ही हातांत दोन डबे घेऊन घरी आले. आजी म्हणायची, त्या दिवशी मला कळलं की आता आपण इथले.

मला यातला दुसरा डबा जास्त महत्त्वाचा वाटतो. तुमची आवडनिवड दुकानदाराला माहीत असणं हे झालंच, पण कुणीतरी तुमच्यावर हक्कानं एक काम टाकलं, तुम्ही ते करणार हे गृहीत धरलं, तिथून खरी सुरुवात होते. ॲपमध्ये नेमकं हेच होत नाही ना. ते तुमची आवड लक्षात ठेवतं, पण शेजारणीचा डबा काही तुमच्या हातात देत नाही.

पेठेतला भाडेकरू:
वरचं सगळं पटलं, फक्त एक सांगतो, स्वतःचं घर असण्याशी याचा संबंध नाही. मी परभणीहून एमपीएससीसाठी आलो, सदाशिव पेठेत तिघांत एक रूम, कॉट बेसिसवर. नावावर काहीच नाही, भाडेकराराची कॉपीसुद्धा मालकांकडे. पण शास्त्री रोडपासून नव्या पेठेपर्यंतचा पट्टा मला माझ्या गावापेक्षा जास्त आपला वाटतो. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री चहा आणि परत अभ्यासिका, दिवसभर पायीच. मार्च 2020 ला लॉकडाऊन लागलं, मेसा बंद, अर्धी पोरं गावाकडं निघून गेली, मी अडकलो. मेसच्या काकूंनी त्यांच्या घरच्या स्वयंपाकातून माझा आणि अजून दोघांचा डबा चालू ठेवला, आणि बदल्यात आम्ही त्यांची औषधं, गॅसचा नंबर, किराणा असं सगळं बघायचो कारण काका आजारी असायचे. आजही काकूंचं बँकेचं काही असलं की फोन मलाच येतो, त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो. म्हणजे गोखलेनगरच्या ताई म्हणतात ती कामं टाकायची गोष्ट शंभर टक्के खरी आहे.

पायी फिरणारा:
माणसांबद्दल सगळे बोलतायत म्हणून मी रस्त्याबद्दल बोलतो. माणसं भेटायला आधी चालता तर यायला पाहिजे. पेठांमध्ये ओळखी होतात त्याचं कारण पेठेतली माणसं जास्त प्रेमळ आहेत असं नाहीये (मी कसब्यात वाढलोय, भांडणं पण तितकीच व्हायची, आणि वाड्याच्या आठवणी काढणाऱ्यांनी सकाळची संडासाची रांग आणि बायकांचं पाणी भरणं पण आठवावं). कारण हे की वाणी, इस्त्रीवाला, देऊळ, शाळा, दवाखाना सगळं दहा मिनिटांच्या चालीत आहे आणि वाटेत थांबायला पायरी नाहीतर कट्टा असतो. एकच माणूस आठवड्यात चार वेळा समोर आला की पाचव्या वेळी आपोआप बोलणं होतं. गाडीत काच वर करून गेलं तर वीस वर्षं राहूनही होणार नाही.

तुमचा फुटपाथचा मुद्दा म्हणूनच मला सगळ्यात गंभीर वाटतो, आणि त्यावर करण्यासारखं आहे. पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक हा प्रकार चालू आहे. आपल्या प्रभागातली छोटी कामं, फुटपाथ, दिवे, बाकडी, असं आपण फॉर्म भरून सुचवायचं, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात देता येतो. सुचवलेलं सगळं होतंच असं नाही, पाठपुरावा लागतो, पण फॉर्मच्या निमित्तानं शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांतल्या लोकांशी बोलायला लागतं आणि माझ्या मते निम्मा फायदा तिथेच झालेला असतो. आमच्या वारज्याच्या गल्लीत दोन बाकडी अशीच आली, आता संध्याकाळी तिथं बसायला जागा नसते.

आणि अजून एक. तुम्ही ज्या कात्रजच्या डोंगराकडे बघता ना, तिथल्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात दगडी नळानं पाणी थेट पेठांतल्या हौदांपर्यंत यायचं. आम्ही पेठेतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या बाजूचं पाणी प्यायलोय. तेव्हा शहराच्या बाहेर राहतोय असं मनातून काढून टाका. आणि लेकराला तो तलाव दाखवा, ही गोष्ट सांगून दाखवा. जागेबद्दल एक गोष्ट जरी माहीत असली ना, तरी तिथून जाताना नजर बदलते.

मुठाकाठ:
मी सिंहगड रोडला, एकतानगरीच्या बाजूला. 25 जुलै 2024 ला पहाटे आमच्याकडे पाणी शिरलं ते आठवत असेल, लष्कर बोलवायला लागलं होतं. त्याआधी आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे कुणाचा कुणाशी संबंध नव्हता. त्या पहाटे दुसऱ्या मजल्यावरच्या, नावही माहीत नसलेल्या कुटुंबानं दार वाजवायच्या आधीच दार उघडून आम्हाला घरात घेतलं, माझ्या सासूबाईंना दोघांनी खुर्चीसकट वर उचलून नेलं, आणि नंतर चिखल काढायला जिन्यात सगळे मजले उभे होते. आता आमच्या चाव्या त्यांच्याकडे आणि त्यांच्या आमच्याकडे असतात.

पण ताई, पूर येण्याची वाट बघू नका. मला राहून राहून वाटतं की चाव्या आधी दिलेल्या असत्या तर त्या पहाटे पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या तरी वेळेत हलल्या असत्या. एक चावी शेजारी देऊन ठेवा, उद्याच द्या.

गावठाणातला:
मी आंबेगाव बुद्रुकचाच. गावठाणातला, आमच्या किती पिढ्या इथं झाल्या मला माहीत नाही. ताईंचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस लिहू का नको करत होतो, कारण मला हाच प्रश्न उलट्या बाजूनं पडतो.

आमचं गाव ऑक्टोबर 2017 मध्ये महापालिकेत आलं, त्या अकरा गावांमध्ये. त्याच्या आधीपासूनच जमिनी जात होत्या. मी लहान असताना बायपासच्या अंगाला आमची ज्वारी असायची, हुरड्याला पाहुणे यायचे. जमीन आम्ही विकली, पैसे आले, कुणी जबरदस्ती केली नाही, ते मी नाकारत नाही. पण आज तिथं जी सोसायटी उभी आहे तिच्या गेटवर मला वॉचमन विचारतो, कुणाकडे जायचंय, फ्लॅट नंबर सांगा. त्याचा दोष नाही, त्याची ड्युटी आहे. पण माझ्या आजोबांची विहीर होती त्या जागेवर उभं राहून मी फ्लॅट नंबर काय सांगणार? तुम्हाला वाटतं तुम्ही पाहुणे. आम्हाला वाटतं, गाव आमचं आणि रस्त्यावर ओळखीचा चेहराच दिसेना. माझी आई आता संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बसत नाही, म्हणते गाड्याच बघायच्या का.

तुम्ही ॲपवरून भाजी घेता असं लिहिलंय. माझी चुलती अजून थोडी जमीन राखून आहे, मेथी, पालक, कोथिंबीर, हंगामाप्रमाणे असतं. सकाळी देवळाच्या पारापाशी बसते. तिचं गिऱ्हाईक म्हणजे गावातलीच पंधरा-वीस घरं. सोसायट्यांमध्ये हजारो माणसं राहायला आली पण तिथून खाली कुणी येत नाही आणि तिला आत सोडत नाहीत. जत्रेचं पण तेच. दरवर्षी कमिटीत विषय निघतो, सोसायट्यांना बोलवायचं का, आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतं, कशाला, त्यांना वाटेल वर्गणी मागायला आले. मग पत्रिका गेटपर्यंत जातच नाही. म्हणजे आम्ही बोलवत नाही आणि तुम्ही येत नाही, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याला नकोय.

वरच्या दादांनी रस्त्याचं लिहिलं ते बरोबरच आहे, फॉर्म भरायला मी पण येतो, मला वॉर्ड ऑफिसची माहिती आहे. पण रस्ता व्हायची वाट न बघता तुम्ही एवढं करा, लेकराला घेऊन पाराशी या. चुलती त्याला नाव विचारल्याशिवाय सोडायची नाही. शाळा कुठली, जेवतोस का नीट, मामा कुठला, सगळं विचारेल, तुम्हाला नको होईल इतकं विचारेल.

बायपासवाली:
गावठाणातले दादा, तुमचं वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. आम्ही गॅलरीतून रोज ज्या देवळाचा कळस बघतो ते तुमचंच असणार. आमच्या खालून कुणाची तरी जमीन गेलीय हे डोक्यात होतं, पण त्या माणसाला आमच्याच गेटवर अडवतात हे कधी मनातच आलं नव्हतं.

दोन गोष्टी ठरवल्यात. एक, शेजारच्या ताईंकडे आज चावी दिली. त्या म्हणाल्या, बरं झालं, आमची पण ठेवा, आम्ही महिनाभर गावाला चाललोय, तुळशीला पाणी घालाल का. (गोखलेनगरच्या ताई, तुमचा दुसरा डबा पहिल्याच दिवशी आला!) दुसरं म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलंय की रविवारी सकाळी ज्यांना ताजी पालेभाजी हवी त्यांनी माझ्याबरोबर पाराशी चला. आत्तापर्यंत पाच-सहा जणी तयार आहेत, एक आजोबा पण येतो म्हणालेत. काकू रविवारी बसतात ना? आणि किती वाजेपर्यंत?

आणि जत्रेची पत्रिका आमच्या गेटवर नक्की पाठवा. नोटीस बोर्डला मी लावते. वर्गणीचं पुस्तक पण बरोबर असू द्या.

गावठाणातला:
बसते, रविवारी पण. सातला येते, साडेनऊपर्यंत असते, पण मेथी आठच्या आत संपते, तेव्हा लवकर या. चुलतीला सांगून ठेवलंय, शनिवारी जास्त काढते म्हणाली. देवळाकडे येताना मेन रोडनं येऊ नका, लेकरू बरोबर आहे. तुमच्या बाजूनं ओढ्याकडून एक पायवाट आहे, गाड्या नसतात, फक्त पावसात निसरडी होते. मी पुलापाशी उभा राहतो, पहिल्या वेळी सापडायची नाही.