टर्बो स्नोमोबिल: डोंगरावर बूस्ट झोके घेतंय, एकदा तर थेट १२ वर गेलं

नाशिक_ते_कॅलगरी:

मंडळी, नमस्कार. इथे दोन-तीन जण स्लेड (म्हणजे स्नोमोबिल, बर्फावरची गाडी) चालवणारे आहेत हे माहीत आहे, म्हणून सविस्तर विचारतोय.

गाडी ८५० सीसी टू-स्ट्रोक, १६५ इंची ट्रॅक. सेकंड हँड घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने टर्बो किट बसवलेलं होतं, वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) टर्बोच्या आतलं. बूस्ट (टर्बो इंजिनात हवा ढकलतो तो जादा दाब) कमी-जास्त करायला हाताने फिरवायचा स्क्रू होता. बोटं गारठलेली असताना हूड उघडून तो फिरवण्याचा कंटाळा आला, म्हणून नोव्हेंबरमध्ये गॅरेजमध्ये बसून इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर लावला. तीन-पोर्ट सोलेनॉइड आहे, म्हणजे वेस्टगेटकडे जाणारा दाब कमी-जास्त करणारी विजेवरची छोटी झडप. वेस्टगेटची स्प्रिंग ५ पौंडांची (पीएसआय, दाबाचे पौंड) असं मला सांगण्यात आलं होतं.

माझी सेटिंग: टार्गेट ७ पौंड, गेट प्रेशर (एवढ्या दाबापर्यंत वेस्टगेट बंद) ६.५, गेन (फरक दिसला की कंट्रोलर किती जोरात दुरुस्त करतो) १०० पैकी ६०.

कॅलगरीजवळच्या सपाट शेतात उणे ८ तापमानात चालवली तेव्हा ७ वर काटा खिळल्यासारखा. मन खूश झालं. मग गेल्या शनिवारी ट्रेलर जोडून रेव्हलस्टोकला गेलो, बोल्डर माउंटनवर. वर मऊ बर्फात काटा ९ वर उडी मारतो, ५ वर पडतो, पुन्हा साडेआठ. अंगठा (थ्रॉटल अंगठ्यानेच दाबायचा असतो) जरा सोडून परत दाबला की हेच.

आणि ज्यामुळे हे लिहितोय ते रविवारी सकाळी झालं. उणे २४. गाडी रात्रभर ट्रेलरवर उघड्यावर होती. इंजिन व्यवस्थित गरम केलं, ट्रेलवर हळू नेली, आणि पहिल्यांदा पूर्ण दाबल्यावर काटा १० ओलांडून १२ वर. मी लगेच अंगठा सोडला. कंट्रोलरमध्ये ९ ला ओव्हरबूस्ट कट लावलेला होता, स्क्रीनवर इशाराही लागला, तरी दाब चढतच गेला. परत येऊन कॉम्प्रेशन बघितलं: दोन्ही सिलिंडर ११८ पौंड, प्लग ठीक. टाकीत ९४ ऑक्टेन होतं, त्याने वाचवलं असावं.

गेन कमी करू का? की सोलेनॉइड गेला? कट लागूनही बूस्ट चढलाच कसा, हे मला कळत नाही आणि तेच टोचतंय.

कोल्हापूरचा_मिस्त्री:

भावा, गेनला आत्ता हात लावू नकोस. आधी तीन गोष्टी सांग. वेस्टगेटसाठीचा दाब कुठून घेतलाय, टर्बोच्या तोंडाशी की इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणारा भाग) पुढे? सोलेनॉइड कुठे बसवलाय? आणि नळी एकूण किती लांब, तिला कुठे पोट आलंय का?

नाशिक_ते_कॅलगरी:

दादा, दाब इंटरकूलरच्या पुढे, इनटेक प्लेनमवरच्या (इंजिनात शिरण्याआधी हवा जमते ती पेटी) टी-मधून (तीन तोंडांचा जोड) घेतलाय. त्याच टी-वरून कंट्रोलरच्या सेन्सरलाही नळी जाते. सोलेनॉइड पुढे नाकाकडे, रेडिएटर होजच्या खाली, कारण तिथे जागा होती. सोलेनॉइड ते अॅक्चुएटर (दाबाने वेस्टगेट उघडणारी डबी) नळी साधारण सव्वा मीटर. पोट आहे, हो. बेलीपॅनच्या (गाडीच्या तळाचं आवरण) जवळून वळवून आणलीय.

कोल्हापूरचा_मिस्त्री:

मग तुझं दुखणं दोन वेगळी दुखणी आहेत. रविवारचं आधी घेतो, कारण त्यात पिस्टन जातो.

तुझ्या नळीत बर्फ झाला होता. टर्बो बाहेरची हवा ओढतो तेव्हा भुकटी बर्फही ओढला जातो. दाबाने हवा गरम होते, बर्फाची वाफ होते, आणि ती वाफ त्या नळीत जाऊन बसते. ही नळी म्हणजे बंद गल्ली, तिच्यातून हवा वाहत नाही, नुसता दाब पोचतो. तिथे वाफेचं पाणी होतं आणि सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे तुझ्या त्या पोटात, साचतं. रात्री उणे २४ मध्ये ट्रेलरवर त्याचं बूच झालं. बेलीपॅनजवळ इंजिनची ऊब लवकर पोचत नाही, त्यामुळे इंजिन गरम झालं तरी बूच तसंच.

आता बघ. वेस्टगेट उघडतो तो त्याच नळीतून आलेल्या दाबाने. दाब पोचलाच नाही तर स्प्रिंग त्याला बंद धरून ठेवणार, सगळा एक्झॉस्ट टर्बाइनवरच जाणार, आणि बूस्ट इंजिन देईल तेवढा चढणार. तुझा ओव्हरबूस्ट कट काय करतो? सोलेनॉइडची वीज तोडतो. वीज तोडली की सोलेनॉइड दाब सरळ अॅक्चुएटरकडे पाठवतो आणि स्प्रिंगपुरताच बूस्ट उरतो. पण पुढे नळीच तुंबलेली! कंट्रोलरने त्याचं काम चोख केलं, हुकूम पोचलाच नाही. सेन्सरची छोटी नळी वेगळी आणि उबेत होती, म्हणून काटा तुला खरं सांगत होता. तीही गोठली असती तर काटा खाली राहिला असता आणि तू अंगठा सोडलाच नसता.

मी कामलूप्सला स्लेडच्या वर्कशॉपमध्ये बारा हिवाळे काढलेत. पहिल्याच वर्षी माझ्या स्वतःच्या गाडीचा एक पिस्टन असाच गेला. वर नाण्याएवढं भोक. गिऱ्हाइकाची नव्हती याचं समाधान, पण सहा आठवड्यांचा सीझन बुडाला. तेव्हापासून नळ्या कुठून कशा जातात हे बघितल्याशिवाय मी स्क्रीनला हात लावत नाही.

आता काय करायचं ते.

दाब प्लेनमवरून घेऊ नकोस. टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या तोंडाशी घे, तिथे हवा गरम असते आणि पाणी धरत नाही. निपल (नळी जोडायचं तोंड) वरच्या बाजूला हवा. सोलेनॉइड उचलून अॅक्चुएटरपेक्षा उंच बसव, इंजिनची ऊब लागेल पण एक्झॉस्टची धग लागणार नाही अशा ठिकाणी. नळी उताराने यायला हवी, मधे कुठेही पोट नको, लांबी जमली तर ३० सेंटिमीटरच्या आत. सोलेनॉइडचं हवा सोडायचं तोंड छोट्या फिल्टरसह खाली तोंड करून ठेव, नाहीतर तिथूनच बर्फ आत शिरेल. सेन्सरची नळी वेगळ्या निपलवर ने. एक टी दोघांना नको. दर ट्रिपआधी अॅक्चुएटरकडचं टोक काढून फुंकून बघायचं, अर्धं मिनिट लागतं.

आणि खरा कट इंजिनच्या ईसीयूमध्ये (इंजिन चालवणारा कंप्युटर) ठेव. ठरावीक दाबापुढे त्याने स्पार्क आणि इंधन दोन्ही तोडलं पाहिजे. नुसतं इंधन कमी झालं तर मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) होऊन उलट जाळतं. किटच्या फ्युएल बॉक्समध्ये ही सोय आहे का बघ.

झोके खाण्याचं कारण निराळं आहे. तू इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस, डेड टाइम, म्हणजे हुकूम दिल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा उशीर, तुला मी सांगायला नको. सव्वा मीटर नळी भरायला आणि रिकामी व्हायला वेळ लागतो. कंट्रोलर ड्यूटी (सोलेनॉइड किती टक्के वेळ चालू) बदलतो, अॅक्चुएटरला उशिरा कळतं, तोवर कंट्रोलर आणखी बदलून बसलेला असतो. त्यात गेन ६०. सपाट शेतात तू एकदा दाबलंस आणि दाबून ठेवलंस, म्हणून दिसलं नाही. मऊ बर्फात अंगठा सतत वरखाली, ट्रॅक कधी घसरतो कधी पकडतो, लोड दर सेकंदाला वेगळा.

आणि गेट प्रेशर ६.५ फारच जवळ. त्या आकड्यापर्यंत कंट्रोलर वेस्टगेट पूर्ण बंद ठेवतो, टर्बो लवकर फिरावा म्हणून. टार्गेट ७ आणि गेट साडेसहा म्हटल्यावर थांबायला अर्धाच पौंड राहिला. टर्बो त्या वेगात आहे, तो ९ पर्यंत जाणारच. गेट ४ वर आण.

क्रम असा धर. सोलेनॉइड बाजूला ठेव, कॉम्प्रेसरच्या तोंडापासून सरळ अॅक्चुएटरला नळी जोड आणि डोंगरावरच चालवून बघ. जो आकडा येईल ती तुझी खरी स्प्रिंग. ५ सांगितलंय म्हणून ५ धरू नकोस, टर्बो आणि एक्झॉस्ट पाइपप्रमाणे आकडा हलतो. मग सोलेनॉइड जोड, ड्यूटी शून्य, गेन शून्य, आकडा तोच आला पाहिजे. वेगळा आला तर पोर्ट उलटे जोडलेत. मग ड्यूटी पाच-पाच टक्क्यांनी वाढव आणि प्रत्येक पायरीचा आकडा कागदावर लिही. २० टक्क्यांपर्यंत काहीच हलत नाही आणि ३० ते ४० मध्ये एकदम चढतो असंही होतं, सरळ रेष धरून चालू नकोस. टार्गेट जुळल्यावर गेन १० पासून वाढवत ने, झोका दिसला की एक पायरी मागे. तीन-पोर्टवर स्प्रिंगच्या दुपटीपुढे जायच्या भानगडीत पडू नकोस, तिथे पकड ढिली होते. जास्त हवं असेल तर स्प्रिंग बदल.

हे सगळं डोंगरावरच्या मोकळ्या सपाट माळावर, सोबत कुणीतरी असताना. चढावर काट्याकडे बघत गाडी चालवायची नाही. हिमस्खलनाचा अंदाज त्या दिवशी सकाळी वाचलेला हवा, ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं यंत्र) चालू, फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) पाठीवरच्या बॅगेत. गाडीवर बांधून ठेवलेलं फावडं गाडीबरोबर गाडलं जातं.

खारदुंग_रिटर्न:

मिस्त्रीदादांनी नळ्यांचं सगळं सांगितलंच आहे, मी फक्त उंचीबद्दल लिहिते. मी पुण्यात डिझेल इंजिनांच्या कॅलिब्रेशनमध्ये आहे. उंचीच्या चाचण्यांसाठी लेहला, तिथून खारदुंग लाला जाऊन आलेय. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो, त्यामुळे हा विषय अंगावर घेतलेला आहे.

तुमचा कंट्रोलर गेज दाब (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा) बघतो की अॅब्सोल्यूट (बाहेरचा धरून एकूण), हे आधी तपासा. कॅलगरी सुमारे १,०४५ मीटरवर, तिथे बाहेरचा दाब साधारण १३ पौंड. वर २,२०० मीटरला साधारण ११.२. गेजवर दोन्हीकडे ७ दिसलं तरी इंजिनला खाली २० मिळतात, वर १८.२. म्हणजे तेच टार्गेट ठेवलं तरी वर ताकद कमी. आणि टर्बोला मात्र जास्त राबावं लागतं: खाली त्याने १३ चे २० केले, म्हणजे सुमारे १.५४ पट. वर ११.२ चे १८.२, सुमारे १.६३ पट. पट वाढली की शाफ्टचा वेग वाढतो. त्यामुळे शेतात जुळवलेली ड्यूटी डोंगरावर जुळणार नाही, दादा डोंगरावरच सेट करायला सांगताहेत ते याचसाठी.

२०२० मध्ये स्की-डूने कारखान्यातूनच टर्बो लावून आलेली पहिली टू-स्ट्रोक स्लेड, ८५० ई-टेक टर्बो, आणली. त्यांचा दावा ८,००० फुटांपर्यंत १६५ हॉर्सपॉवर टिकवण्याचा होता. म्हणजे तिथे बूस्टचा उपयोग मुख्यतः उंचीवर गमावलेली हवा भरून काढायला. तुम्हीही आधी तेवढंच ध्येय ठेवा असं मनापासून वाटतं. वर २० अॅब्सोल्यूट हवे असतील तर गेजवर ८.८ लागतील. सुरुवात मात्र ७ नेच करा.

वाइडबँड (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा सेन्सर) लावला असेल तर टू-स्ट्रोकमध्ये त्याच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. न जळलेली ताजी हवा एक्झॉस्टमध्ये निसटते, त्यामुळे तो मिश्रण आहे त्यापेक्षा लीन दाखवतो, शिवाय तेलाने सेन्सर लवकर खराब होतो. कालच्यापेक्षा आज आकडा कुठे सरकला एवढ्यापुरता वापरा. निकाल प्लग आणि पिस्टनचा माथा बघूनच द्या.

इथल्या वाचकांसाठी: कॅनडातला ९४ आणि आपल्या पंपावरचा ९५ हे वेगळ्या मोजपट्टीवरचे आकडे आहेत. तिकडे दोन पद्धतींची सरासरी लिहितात. तिकडचा ९१ आपल्या ९५-९६ च्या जवळ येतो, ९४ तर बराच वर.

नाशिक_ते_कॅलगरी:

दादा, ताई, काल रात्री परत आलो. आधी पुरावा: जुनी नळी गॅरेजमध्ये काढून उभी धरली तर चमचाभर पाणी निघालं. बायको म्हणाली, एवढ्याशा पाण्यासाठी इंजिन जाणार होतं? त्या चमच्याचा फोटो मी काढून ठेवलाय.

सोलेनॉइड आता स्टीअरिंग पोस्टच्या बाजूला उंच आहे. नळी २८ सेंटिमीटर, सरळ उतार. सेन्सरची वेगळी. कंट्रोलर गेज दाबावरच चालतो. यावेळी फ्रिस्बी रिजला गेलो, सकाळी उणे १९.

स्प्रिंग ५ ची नाहीच! सरळ नळीवर ४.३ येतात, तीन वेळा तपासलं. ड्यूटी २५ पर्यंत काटा हलला नाही, ३० ला ५.१, ३५ ला ६.२, ४० ला ७.४. गेट ४, गेन २० वर ७ पौंड टिकतात, अंगठा सोडून दाबला तर एकदा ७.४ ला जाऊन खाली येतो. गेन ३० ला पुन्हा झोका सुरू झाला म्हणून २० वरच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुंकून बघितलं, नळी मोकळी.

फ्युएल बॉक्समध्ये कट आहे, पण तो फक्त इंधन तोडतो. स्पार्कचं काही दिसत नाही. तोवर टार्गेट ७ च्या वर नेणार नाही.

एक नवीन गोष्ट. बूस्ट स्थिर झाल्यापासून पूर्ण दाबल्यावर आरपीएम कंपनीच्या आकड्यापेक्षा दीडशे वर जातात. हेही कंट्रोलरचंच का?

कोल्हापूरचा_मिस्त्री:

४.३ बघून बरं वाटलं, कारण आता तुला खरा आकडा माहीत आहे. ७ वर थांबलास हेही बरोबर.

दीडशे आरपीएम क्लचचे आहेत. आधी बूस्ट पडत होता म्हणून सरासरीत लपलं होतं, आता इंजिन पूर्ण टॉर्क देतंय आणि प्रायमरी क्लचची वेट (फिरताना बाहेर फेकली जाऊन क्लच दाबणारी वजनं) त्याला हलकी पडताहेत. एक-दोन ग्रॅमच्या पायरीने वाढव, सगळ्या वेटना सारखंच, आणि प्रत्येक वेळी त्याच माळावर बघ. बेल्ट गरम झालाय का ते हात लावून तपास. आधीच्या मालकाने बूस्ट कमी ठेवून त्यालाच क्लच जुळवला असणार.

फक्त इंधन तोडणाऱ्या कटबद्दल वेगळा धागा काढ. तुझ्या बॉक्सचं मॉडेल आणि वायरिंगचा फोटो टाक, स्पार्कची लाइन कुठून घेता येईल ते बघू.

नाशिक_ते_कॅलगरी:

उद्या संध्याकाळी टाकतो, दादा. वेट आजच मागवली.