आतड्याले तेल 'समजते' का 'जाणवते'?

वणीकर_मास्तर: आशाताईंच्या वर्गासाठी पचनावरचा एक मजकूर मराठीत करून राह्यलो. तेलतूप लहान आतड्यात उतरलं का लायपेज हे पाचकद्रव्य त्याचं फॅटी ॲसिड करते, ते भिंतीतल्या काही पेशी ओळखतात अन् कोलेसिस्टोकायनिन (सीसीके) हे संप्रेरक सोडतात. मी लिहिलं 'आतड्याची मेदसंवेदना'. एक ताई म्हणे, सर मेद तं पोटावर रायते, वरणात कुठून आला? काय लिहू?

तर्रीबाज: बरोबर बोलली बाई. सरळ 'चरबी' लिहा.

जवसवाली: चरबी म्हणजे बोकडाची नाहीतर माजाची. आयुर्वेदात स्नेह चार, घृत तैल वसा मज्जा, त्यातलं घ्या काही. माझी सासू तं जवसाची चटणी तेल घालून खाल्ली का 'पोटाले आधार' म्हणते, मले तेच आवडते.

जुना_कोश: मग 'वसा' घ्या. हिंदीत रुळला आहे.

तर्रीबाज: उतू नको मातू नको, घेतला वसा टाकू नको 😀 बाया उपास धरतील ना बाप्पा!

वणीकर_मास्तर: नाम राहू द्या, क्रियापद सांगा. सीडी३६, जीपीआर१२० हे तेल ओळखणारे ग्राही (रिसेप्टर) जिभेवरही आहेत, मग आतड्याले 'चव लागते' म्हणलं तं काय बिघडलं?

जुना_कोश: चव जाणिवेत येते, हे येत नाही. वेगस नसेतून फक्त पोट भरल्याचा निरोप वर मेंदूकडे जातो, जठर हळू रिकामं होतं. 'संवेदना' म्हणूनच नको. 'अभिज्ञान' लिहा.

तर्रीबाज: अंगठी कुठाय मग?

मेडिकलवाला: 'मेद ओळखते' हेच ढोबळ आहे भाऊ, फॅटी ॲसिडची साखळी बारा कार्बनच्या खाली असली तं सीसीके फारसं सुटत नाही. अन् नावाचं काय घेऊन बसले, कोलेसिस्टोकायनिन हे नाव १९२८ मध्ये आयव्ही अन् ओल्डबर्ग या संशोधकांनी ठेवलं तेव्हा अर्थ एवढाच का पित्ताची पिशवी हलवणारं, भुकेचा त्यात पत्ता नाही, तरी चाललंच ना इतके वर्षं?

जवसवाली: हाव. म्हणून म्हणते 'आतड्याले तेल कळते' लिहा, कोणाले अडणार नाही.

जुना_कोश: 'कळते' पाठ्यपुस्तकात चालणार नाही.

तर्रीबाज: पाठ्यपुस्तक कुठं हाय, आशाताईंचा कागद हाय. बरं, सावजीवरची 'तर्री' कुठून आली सांगा. तरंगते म्हणून तर्री, पक्कं.

जुना_कोश: छे. फारसी 'तर', म्हणजे ओलं.

वणीकर_मास्तर: अहो, कागद सोमवारी छापाले द्यायचाय.

जवसवाली: तरंगते तो तवंग. तर्रीत तिखट लागते.