नॉझिक एका पुस्तकापुरता नव्हता

अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिकने १९७४ मध्ये सरकारचे अधिकार अगदी मर्यादित असावेत असं मांडणारं 'अनार्की, स्टेट अँड युटोपिया' लिहिलं आणि पुढे या वादाचं मैदान सोडलं, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. त्या पुस्तकातलं बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं काल्पनिक उदाहरणच घ्या. प्रत्येक प्रेक्षक तिकिटातले २५ सेंट त्याच्या नावाच्या वेगळ्या पेटीत टाकतो. हंगामात दहा लाख लोक येतात, त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात. संपत्तीचं सुरुवातीचं वाटप तुम्हाला हवं तसं समान धरा. मग लोकांनी राजीखुशीने दिलेल्या पैशात अन्याय कुठून शिरला? विषमता सर्वांत वंचितांच्या फायद्याची असेल तरच न्याय्य, असं म्हणणारे नॉझिकचे हार्वर्डमधले सहकारी जॉन रॉल्स यांच्या मांडणीसमोर हा प्रश्न आजही उभा आहे.

पुढे नॉझिक ज्ञानमीमांसा (ज्ञान म्हणजे काय याचा विचार), स्वत्व, विवेक अशा विषयांकडे वळला. एकाच पुस्तकाची राखण करत आयुष्य काढायचं त्याला नव्हतं, आणि मला तेच मोठं वाटतं. १९८९ मध्ये तर स्वतःची जुनी भूमिका अपुरी असल्याचं त्याने छापून कबूल केलं. पण २००२ मध्ये जाण्याआधी एका मुलाखतीत हेही सांगितलं, की आपण स्वातंत्र्यवाद (लिबर्टेरियनिझम, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य आणि कमीत कमी सरकार ही भूमिका) सोडल्याच्या बातम्या अतिरंजित आहेत. याला पळ काढणं कसं म्हणायचं?