मदत हवी आहे: सी ड्राइव्ह भरलाय, आता काय काढू?

नमस्कार मंडळी. घरच्या डेस्कटॉपवर विंडोज १० आहे, सी ड्राइव्ह १२८ जीबीचा एसएसडी, आणि तो काठोकाठ भरलाय. रिसायकल बिन, टेम्प फाइल्स, डाउनलोड्स सगळं उपसून झालं. आईबाबांचे जुने फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केलेत. ते जिवापाड जपायचे आहेत, म्हणून दुसरी प्रत होईपर्यंत मूळ फोटोंना हात लावणार नाही.

आता हायबरफिल डॉट सिस (hiberfil.sys, हायबरनेशनमध्ये म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करताना विंडोज वापरतं ती) ही फाइल कित्येक जीबी अडवून बसलीय. कमांड प्रॉम्प्टमधून हायबरनेशन बंद केलं की ती जाते, पण सोबत फास्ट स्टार्टअपही (संगणक लवकर सुरू होण्याची सोय) जातं. एसएसडीवर त्याने फारसा फरक पडतो का? विनएसएक्सएस (WinSxS, विंडोजच्या घटकांच्या आणि अपडेट्सच्या फाइल्सचा) फोल्डर हाताने डिलीट करायचा नसतो हे माहीत आहे; तो डिस्क क्लीनअपमधल्या ‘सिस्टम फाइल्स’ पर्यायाने कितपत आटोपतो? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.