घाटंजी-यवतमाळ सीटवर गाडी टाकली तं चालन का?

घाटंजीवाला: भाऊ, सेकंडहँड इको व्हॅन घ्याचा विचार करून रायलो, सीटवर, म्हंजे माणशी भाडं घेऊन चालवासाठी. पुण्या-मुंबईकडचे लोकं ब्लाब्लाकार ॲपवर दुसऱ्याच्या कारमधली सीट बुक करतात, इकडं आता म्हाताऱ्यांजवळही फोनपे हाय, तं पुढं गिऱ्हाईक वाढन का, का स्टँडवर यवतमाळ यवतमाळ बोंबलत बसा लागन?

जुना काळीपिवळीवाला: दिवसा नाही वाढत बाप्पा. आमची गाडी भरे ती बाजाराच्या बायांनं अन् दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्यांनं. मार्च २०२३ पासून एसटीत बायांले अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या वरच्याले त्याआधीच फुकट झालं होतं, मंग आपल्या गाडीत कायले बसन कोणी? जानेवारी २०२५ ले एसटीचं भाडं वाढलं तरी अर्धं ते अर्धंच. २०२१-२२ च्या संपात लय कमावलं लोकायनं, त्या हिशोबानं किस्त काढू नको फक्त.

अपडाऊन मॅडम: थोडं वेगळं सांगते. आम्हाला अर्धं तिकीट आहे तरी आम्ही काही जणी एका सरांच्या कारने पेट्रोल वाटून जातो, कारण शाळेची वेळ गाठायची असते आणि काळी-पिवळी शेवटची सीट भरेपर्यंत जागची हलत नाही, ड्रायव्हर नुसता हॉर्न वाजवतो. ठरलेल्या टायमाला रिकाम्या सीटसकट निघणारी गाडी असेल तर लोक दहा-वीस रुपये जास्त देतील. पण ॲपवरचे स्टार पाहून अंधारात कोणी बाई बसणार नाही, ड्रायव्हर कोणाचा कोण हे गावात माहीत पाहिजे.

वणीकर: पांढऱ्या प्लेटवर, म्हंजे प्रायव्हेट गाडीत, सीटचे पैसे घेऊ नको रे. मॅडमचं पेट्रोल वाटून घेणं वेगळं, धंदा म्हटला की परमिट लागते, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६६. ड्रायव्हर सोडून ६ सीटपर्यंत टॅक्सीत येते, ७ ते १२ मॅक्सीकॅब. प्रायव्हेट गाडीत भाड्याचे पॅसेंजर असताना ॲक्सिडेंट झाला तं विमावाला क्लेम अडवते, मंग वावर विका लागन.

घाटंजीवाला: मंग संध्याकाळची वापसीच पकडतो, कोचिंगचे पोट्टे अन् मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातले पेशंटचे नातेवाईक, टाइम फिक्स, व्हॉट्सॲपवर नाव नोंदवा. मॅडम, तुमच्या ग्रुपमधी मले ॲड करता का?

अपडाऊन मॅडम: पिवळी प्लेट लागली की सांगा भाऊ.