बाहुलीवर शिकलेली सिस्टर तुम्हाला चालेल का?

रात्रपाळी
सोलापुरातलं आमचं खासगी हॉस्पिटल, शंभरेक खाटांचं. नाव नको. मॅनेजमेंटला सिम्युलेशन लॅब करायची आहे, म्हणजे खोट्या पेशंटवर सराव करायची खोली. श्वास घेणारी, नाडी लागणारी भारीतली डमी आणायची म्हणतात. सीनियर डॉक्टरांना तो पैशाचा चुराडा वाटतो. वॉर्डात माझी 19 वर्षं गेली. मला विचाराल तर डमी हवीच, पण साधी चालेल, आणि लॅबमध्ये ठेवूच नका. वॉर्डात आणा, रात्री अडीच वाजता, न सांगता.

का ते सांगते. मागे एका रात्री पेशंटचं हृदय थांबलं. माणसं होती, औषधं होती. पण क्रॅश कार्टला, म्हणजे अशा वेळी लागणाऱ्या औषधं-सामानाच्या गाड्याला, कुलूप, आणि किल्ली दिवसपाळीच्या इनचार्जच्या पर्समध्ये, म्हणजे तिच्या घरी. हाताने दाबून श्वास द्यायची ॲम्बू बॅग सापडली तर मास्क लहान मुलाचा. तिघी एकमेकींना 'ॲड्रेनलिनचं इंजेक्शन काढ' म्हणतोय आणि काढत कुणीच नाही. बीएलएसचं, म्हणजे हृदय थांबल्यावर लगेच काय करायचं त्या ट्रेनिंगचं, सर्टिफिकेट मात्र तिघींच्याही फायलीत होतं.

चाटी_गल्ली
अहो, मग दुसरी किल्ली करून घ्या की. त्याला बाहुली कशाला? मी सिव्हिलला शिकलो. धाराशिव, लातूर, पलीकडून विजयपूर, कलबुर्गी, सगळीकडचा पेशंट तिथे यायचा. एका रात्रीत जे बघायला मिळायचं ते तुमच्या लॅबमध्ये वर्षभरात मिळणार नाही. डमीला घाम फुटत नाही, तिचे नातेवाईक अंगावर धावून येत नाहीत. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस कुठल्या बाहुलीवर शिकले होते?

रात्रपाळी
सर, हात बसेपर्यंतचे पहिले पंधरा-वीस पेशंट कुणाचे तरी आईबापच असतात, तेही धरा की हिशेबात. आणि कोटणीस चीनला गेले 1938 साली. बाहेरून छाती दाबायची आजची पद्धत अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडली 1960 साली. त्याच वर्षी नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्या माणसाने तिच्या सरावासाठी बाहुली काढली. दोघी एका वयाच्या!

मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वाचायला सोपं आहे. दोन मिनिटांत हात दमतो, दाब उथळ होतो, आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही. डमीवर दिसतं. खऱ्या पेशंटवर कोण बघत बसणार?

कुंभारीकर
मी डॉक्टर नाही. आजी विडी कामगार, तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. छातीवर हात ठेवून 'नोप्पी, नोप्पी' म्हणजे 'दुखतंय, दुखतंय' म्हणत होती. सिस्टरने जळजळीची गोळी दिली. तुमची डमी तेलुगू बोलते का?

रात्रपाळी
डमी नाही बोलत, पण सिम्युलेशन म्हणजे फक्त डमी नव्हे. शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू वस्तीतल्या आमच्या एक मावशी पेशंट होऊन झोपतात आणि हट्टाने तेलुगूच बोलतात. नव्या पोरींची जी तारांबळ उडते! बाळंतपणासाठी कमरेला बांधायची बाहुलीही मिळते, आत लाल पाणी भरायचं. आम्ही त्याहून साधं केलं. सोलापुरी चादरीवर मोजून 500 मिली लाल पाणी ओतलं आणि 'किती रक्त गेलं?' असं विचारलं. बहुतेकींनी दीडशे-दोनशे सांगितलं. बाळंतपणानंतर 500 म्हणजे धोक्याची घंटा, आणि जाड चादर सगळं पिऊन बसते.

दोन_नंबर_वॉर्ड
ताई, हे सगळं छान आहे हो. रात्री दोन सिस्टर आणि चाळीस पेशंट. ड्रिल चालू असताना सलाइन कोण बदलणार? आमच्याकडे ट्रेनिंग म्हणजे ड्यूटी संपल्यावर दोन तास बिनपगारी थांबणं. मागच्या वेळी एक पोरगी ड्रिलमध्ये चुकली, तर इनचार्जने तिला मेमो दिला. आता ड्रिल म्हटलं की अर्ध्या जणी सिक लीव्हवर. आधी माणसं भरा, मग बाहुल्या आणा.

रात्रपाळी
मेमो दिला तिथेच संपलं सगळं. माणसांबद्दलही तुझं खरं आहे, माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही दहाच मिनिटांचं करतो, ड्यूटीतच, महिन्यातून एकदा. एखाद्या रात्री पेशंट जास्त असले की रद्द. असं बऱ्याचदा होतं.

चाटी_गल्ली
2019 पासून एमबीबीएसला स्किल लॅब सक्तीची झाली. मी बघितलेल्या एका लॅबमधल्या डमीचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. तुमच्या चादरीला माझी हरकत नाही, लाखांच्या डमीला आहे. आणि ड्रिलमध्ये मी चुकलो तर सिस्टर तोंडावर सांगतील?

रात्रपाळी
पहिल्या वेळी नाही सांगणार. तुम्ही येणार का, ते बोला.

चाटी_गल्ली
बघू. त्या किल्लीचं काय केलंत शेवटी?

रात्रपाळी
कुलूपच काढून टाकलं. आता कार्टला प्लास्टिकचं सील असतं, ओढलं की तुटतं म्हणे. पहिल्याच ड्रिलला ते तुटेना, आणि आम्ही कात्री शोधत बसलो.