मदत हवी आहे: बाबांना पॅरासिटामॉल जास्त झालंय, सकाळपर्यंत थांबू का?

बाबा (वय ७१, वजन जेमतेम ४८ किलो) गावी एकटे असतात. तापावर डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ६५० दिली होती. अंग फार दुखतंय म्हणून परवापासून दर चार तासांनी घेतायत, रात्रीसुद्धा. वर मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी तीनदा. तिच्या पाकिटाचा फोटो आत्ता मागवला, तर तिच्यातही पॅरासिटामॉल ५००! म्हणजे दिवसाला ५.४ ग्रॅम. जेवण जवळपास बंद. आज मळमळतंय, उलट्या झाल्या, पण बोलतायत नीट, डोळे पिवळे नाहीत. "तापामुळे होतंय, सकाळी बघू," म्हणतात. शेजारचे काका गाडी काढायला तयार आहेत. काय करू?

प्रतिसाद १
ताई, थांबू नका. गाडी आत्ताच काढा, नाहीतर १०८ ला फोन करा. धडधाकट माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम; वजन कमी, पोट उपाशी किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी. डोळे पिवळे नाहीत यावर अजिबात जाऊ नका. सुरुवातीला मळमळ, उलटी, घाम एवढंच होतं, कधी तेही नाही. उजव्या बरगडीखाली दुखणं, कावीळ, भ्रम हे नंतर, लिव्हरला इजा झाल्यावर दिसतं.

रात्री लॅब चालू असेल अशाच रुग्णालयात न्या. रक्ताच्या तपासण्या करा: एसजीपीटी (लिव्हरसाठी), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), क्रिएटिनिन (किडनीसाठी), साखर आणि जमल्यास रक्तातली पॅरासिटामॉलची पातळी. पातळी कमी आली तरी निर्धास्त होऊ नका. ती ज्या तक्त्यावर पडताळतात तो एकदम घेतलेल्या डोससाठी आहे, असा दोन-तीन दिवस साठत गेलेल्यासाठी नाही. म्हणून किती गोळ्या, कधीपासून, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उतारा आहे: एन-ॲसिटिलसिस्टीन, सलाईनमधून देतात. जितकं लवकर तितकं चांगलं, पण उशिरा दिलं तरी उपयोग होतो.

मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका.

प्रतिसाद २
दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र २४ तास चालू असतं: १८००-११६-११७. तिथल्या डॉक्टरांनाही हा नंबर द्या.

धागाकर्ती
काका निघाले बाबांना घेऊन. रिकामी पाकिटं सोबत दिलीत. वाटेत ताप चढला तर?

प्रतिसाद १
साध्या पाण्याच्या पट्ट्या, बस. पॅरासिटामॉल आता एकही नाही. त्याऐवजी आयबुप्रोफेनही नको. डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढू शकतो. पोचल्यावर आयएनआर किती आला ते इथे लिहा.